पाझर तलावाची पाळ: पाणी गढूळ आहे का, ते आधी बघा

गावच्या पाझर तलावाच्या किंवा माती नालाबांधाच्या पाळीच्या, म्हणजे पाणी अडवणाऱ्या मातीच्या भिंतीच्या, पायथ्याशी थोडी ओल असतेच, तिला घाबरू नका. घाबरायचं ते गढूळ पाण्याला. झिरपणारं पाणी पारदर्शक बाटलीत भरा आणि तासभर हलवू नका. तळाशी मातीचा थर बसला, तर पाळ आतून पोखरली जातेय. त्याच दिवशी तलाठी आणि जलसंधारण विभागाला कळवा, खालच्या वस्तीला सावध करा. अशा जागी चिखल थापून तोंड बंद करू नका, पाणी दुसरीकडून फुटतं. आधी वाळू, वर बारीक खडी, मग दगड असे थर द्या, म्हणजे पाणी येईल पण माती अडेल. झरा जोरात असेल तर मात्र जवळ जाऊच नका.

दुसरं, सांडवा, म्हणजे तलाव भरल्यावर जादा पाणी बाहेर जायची वाट. जास्त पाणी साठावं म्हणून सांडव्यात वाळूची पोती रचणं मला फार धोक्याचं वाटतं. पाणी पाळीच्या माथ्यावरून वाहू लागलं की मातीची पाळ बघता बघता कापली जाते.

पाळीवर उगवलेली बाभळीची रोपं लहान असतानाच उपटा. खेकड्यांची, घुशींची बिळं मे महिन्यातच खणून, ओली माती थराथराने ठोकून घट्ट भरा.

चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण मातीचंच होतं. २ जुलै २०१९ ला ते रात्री फुटलं. म्हणून मुसळधार पावसात रात्रीही पाळीवर लक्ष ठेवायला दोन माणसं ठेवा.