फॅन बेल्ट घरी बदलताना: नव्याने हात काळे करणाऱ्यांसाठी

गॅरेजात याला अजूनही फॅन बेल्टच म्हणतात, पण आजच्या बहुतेक गाड्यांत रेडिएटरचा पंखा विजेवर चालतो आणि बेल्टाचा त्याच्याशी काही संबंध उरलेला नाही. इंजिनाच्या क्रँकच्या पुलीवरून निघालेला हा बेल्ट अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारं जनित्र) फिरवतो, बऱ्याच गाड्यांत वॉटर पंप आणि एसीचा कॉम्प्रेसरही. टायमिंग बेल्ट वेगळा. तो दातेरी असतो, कव्हराआड बसतो आणि एक-दोन दात चुकले तर काही इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. त्याला पहिल्या वर्षात हात लावायचा नाही. बाहेरचा बेल्ट मात्र शिकायला उत्तम, कारण पानं फिरवण्यापेक्षा यात ताण ओळखणं आणि जुना बेल्ट वाचणं जास्त आहे.

काहीही खोलण्याआधी नवा बेल्ट हातात हवा. जुन्याच्या पाठीवर ६पीके१०७० असं काहीतरी छापलेलं असतं: सहा रिब (बेल्टाच्या पोटाकडचे लांब कंगोरे), पीके म्हणजे रिबची जात (दोन रिबमधलं अंतर ३.५६ मिमी), आणि १०७० मिमी लांबी. छपाई पुसली असेल तर गाडीचं मॉडेल, वर्ष आणि इंजिन सांगून घ्या. वापरलेला बेल्ट दोरीने मोजून नवा आणला की माप हमखास चुकतं.

हत्यारं फार लागत नाहीत. १०, १२ आणि १४ चे रिंग पाने, सॉकेटचा सेट, एक लांब दांडा, उजेडासाठी टॉर्च, जॅक आणि जॅकस्टँड. आडव्या, म्हणजे गाडीच्या रुंदीत बसवलेल्या इंजिनात बेल्ट चाकाच्या बाजूला अडचणीत असतो, म्हणून बहुधा त्या बाजूचं चाक आणि आतला प्लॅस्टिकचा चिखलरोधक काढावा लागतो. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा, आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका. इंजिन पूर्ण गार हवं. किल्ली खिशात, स्मार्ट की असेल तर घरात.

बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल आधी काढा. अल्टरनेटरवरची जाड वायर थेट बॅटरीच्या पॉझिटिव्हला जोडलेली असते. अल्टरनेटर सरकवताना दांडा तिला आणि इंजिनाला एकाच वेळी टेकला की ठिणगी उडते, दांडा तापतो आणि बोटं भाजतात.

मग बेल्टाच्या मार्गाचा फोटो काढा, शिवाय कागदावर हाताने चित्रही. फोटोत पाठीचा (गुळगुळीत बाजूचा) वळसा आणि पोटाचा (रिबच्या बाजूचा) वळसा कळत नाही, चित्र काढताना तो डोक्यात बसतो.

छोट्या गाड्यांत ताण बहुधा अल्टरनेटर सरकवून द्यायचा असतो. इथे क्रम महत्त्वाचा. आधी अल्टरनेटर ज्यावर झुलतो तो खालचा बोल्ट अर्धा-पाऊण फेरा सैल करा, मग खाच असलेल्या पट्टीवरचा लॉक बोल्ट, आणि शेवटी ताणाचा लांब बोल्ट. नवशिके खालचा बोल्ट विसरतात आणि लांब बोल्टावर जोर लावत बसतात. त्याचे आटे जातात आणि तासाभराचं काम दोन दिवसांवर जातं. आपोआप ताण देणारा टेन्शनर असेल तर त्याच्या चौकोनी भोकात किंवा षटकोनी डोक्यावर दांडा लावून तो बेल्ट सैल होईल त्या दिशेला वळवा, बेल्ट एका पुलीवरून उतरवा आणि टेन्शनर हळू परत सोडा. झटक्याने सुटला तर आतली स्प्रिंग आणि तुमची नखं, दोन्ही जातात.

आता घाई करू नका, कारण खरी शिकवणी इथे आहे. जुना बेल्ट उलटा करून उजेडात धरा. रिब काचेसारख्या चकाकत असतील तर बेल्ट सैल राहून घसरत होता. एकच कड उसवली असेल तर कुठलीतरी पुली सरळ रेषेत नाही. रबर फुगून मऊ झालं असेल तर तेल किंवा कूलंट गळतंय. ते बंद न करता घातलेला नवा बेल्टही तसाच जाईल. आणि ‘चिरा नाहीत म्हणजे चांगला’ हा समज सोडा. हल्लीचं ईपीडीएम रबर सहसा तडकत नाही, टायरसारखं झिजतं. नंतर प्रत्येक पुली हाताने फिरवा. खरखर, गुरगुर किंवा डुगडुग जाणवली तर त्या बेअरिंगचा निकाल आत्ताच लावा.

नवा बेल्ट चढवताना खोबणीच्या पुलीवर रिब, गुळगुळीत पुलीवर पाठ. सगळ्यात सोपी पोहोच असलेली पुली शेवटी ठेवा. सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे बेल्ट एक खोबणी बाजूला बसणं. वरून सगळं ठीक दिसतं, म्हणून प्रत्येक पुलीच्या दोन्ही कडांवरून बोट फिरवा. इंजिन सुरू झालं की बाहेर राहिलेली रिब काही मिनिटांत सोलून निघते.

हाताने ताण द्यायचा असेल तर दोन पुलींमधल्या लांब टप्प्याच्या मधोमध अंगठ्याने साधारण १० किलोचा जोर देऊन बेल्ट किती दबतो ते पाहा. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या; नव्या बेल्टासाठी तो वापरलेल्यापेक्षा कमी असतो. किंचाळू नये म्हणून अति आवळणं हा लाडका उपाय आहे आणि वाईट आहे: आवाज जातो, मागोमाग अल्टरनेटरचं नाहीतर वॉटर पंपाचं बेअरिंग जातं. ताण जमला की आधी लॉक बोल्ट, मग खालचा बोल्ट आवळा.

हत्यारं मोजून बाजूला ठेवा, टर्मिनल जोडा, इंजिन सुरू करा. हेडलाइट आणि ब्लोअर पूर्ण लावून ऐका. आवाज आला तर बाही आवरून, हात लांब ठेवून, बाटलीने रिबच्या बाजूला थोडं पाणी उडवा. आवाज वाढला तर ताण कमी आहे; क्षणभर थांबून परत आला तर पुली तिरकी आहे. बेल्टवर मारायचे चिकट स्प्रे घेऊ नका, त्यांवर धूळ बसते. दहा मिनिटांनी इंजिन बंद करून ताण पुन्हा तपासा, कारण नवा बेल्ट बसताना थोडा सैल होतो.

दोन प्रकार घरी करू नयेत. टेन्शनरच नसलेला स्ट्रेच बेल्ट कापून काढावा लागतो आणि बसवायला खास हत्यार लागतं. दुसरा माइल्ड हायब्रिड, म्हणजे इंजिनाला विजेची थोडी मदत देणारी गाडी, जसं मारुती सुझुकीच्या सियाझमध्ये २०१५ पासून आलेलं एसएचव्हीएस. तिथे इंजिन थांबून पुन्हा सुरू होतं ते याच बेल्टाच्या जोरावर, त्यामुळे त्याला दोन्ही दिशांनी ओढ बसते आणि ताणाच्या बाबतीत अंगठ्याचा अंदाज चालत नाही.