कॉन्टेसाच्या एसीचा गॅस जातो कुठे?

सलग चार उन्हाळे माझा एकच कार्यक्रम होता. एप्रिलमध्ये गॅस भरायचा आणि वैशाख संपायच्या आत पुन्हा गरम हवा खात बसायचं. गाडी १९९३ची कॉन्टेसा क्लासिक, इसुझूचं १.८ लिटर पेट्रोल इंजिन, सासऱ्यांनी दिलेली. नागपुरात पारा ४५ला टेकला की तिच्या काळ्या रेक्झिनवर बसणं म्हणजे तव्यावर बसणं. गॅसवाला दर वेळी म्हणायचा, ‘काका, कॉम्प्रेसरच बदलून टाका.’ म्हणजे गॅस दाबून फिरवणारा एसीचा पंपच नवा घाला. पाचव्या वर्षी मी बॉनेटच्या आतल्या बाजूला बॅटरी मारली. कॉम्प्रेसरच्या पुढच्या टोकाच्या बरोब्बर वर तेलाचा काळा पट्टा उमटला होता. कॉम्प्रेसरला पट्ट्याशी जोडणारा फिरता क्लच तेल भिरकावत होता. म्हणजे शाफ्ट सील, कॉम्प्रेसरच्या फिरत्या दांड्याभोवतीचं गॅस अडवणारं सील, गेलं.

माझ्या गाडीला सँडेन कंपनीचा एसडी-५०८ कॉम्प्रेसर बाहेरून बसवलेला आहे. पाच पिस्टनचा, साधा आणि दणकट. त्याच्या सीलमध्ये कार्बनची एक रिंग शाफ्टबरोबर फिरते आणि स्प्रिंगच्या दाबाने एका स्थिर चकतीला घासत राहते. दोघींच्या मध्ये तेलाचा पातळ थर असतो, तोच गॅस अडवतो. दिवाळी ते होळी एसी लावलाच नाही की तो थर सुकतो. मी अगदी हेच करत होतो, तेव्हा दोष माझाच.

तरी लगेच खोलू नका. याच कॉम्प्रेसरच्या अंगावर तेल भरायचा प्लग असतो. त्याची ओ-रिंग, म्हणजे रबरी कडं, गळली तरी सगळा कॉम्प्रेसर असाच तेलकट होतो, आणि ती तर चार पैशांची वस्तू. सिस्टिममध्ये कोरडा नायट्रोजन १५० पीएसआयपर्यंत भरा आणि प्लग, हेडचा सांधा, होजची टोकं यांना साबणाचा फेस लावा. ऑक्सिजन चुकूनही वापरायचा नाही, तेलाशी गाठ पडली तर स्फोट होतो. क्लचमागची गळती फेसाने दिसत नाही. ती गॅस भरलेला असतानाच गॅस हुंगणाऱ्या डिटेक्टरने शोधावी, आणि डिटेक्टर खालच्या बाजूला धरावा, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो.

गॅस हवेत सोडायचा नाही. रिकव्हरी मशीनवाल्याकडून काढून घ्या. होज सोडताना दोन पाने लावा, एक धरायला आणि एक फिरवायला, नाहीतर नळीच पिळली जाते. तोंडं लगेच बुचाने बंद करा. कॉम्प्रेसर उतरवला की तेल एका मापाच्या भांड्यात ओता आणि किती निघालं ते लिहून ठेवा. सगळ्यात महत्त्वाची तपासणी इथेच होते. तेल काळं असेल किंवा त्यात चांदीसारखी चमकी असेल, तर आतून कॉम्प्रेसर झिजलाय. मग सीलवर एक रुपयाही घालू नका, गॅसवाल्याचंच ऐका. माझं तेल पिवळसर पण स्वच्छ निघालं, तेव्हा जीव भांड्यात पडला.

आता क्लच. पुढची प्लेट दोन पिनांच्या पान्याने धरून मधला नट सोडवा. प्लेट पुलरनेच ओढायची. स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटलीत तर वाकते आणि पुढे जन्मभर घासते. मागे बारीक शिम (फट जुळवायच्या पातळ चकत्या) आणि शाफ्टची चावी (खाचेत बसणारा लोखंडी तुकडा) असते, दोन्ही वाटीत ठेवा. (माझी चावी तुळशीच्या कुंडीत सापडली, पाऊण तासाने.) पुली मी जागेवरच ठेवली, फक्त बेअरिंग हाताने फिरवून पाहिलं. मग फेल्टची रिंग आणि चकती धरून ठेवणारं लॉक काढलं की स्थिर चकती, तिची ओ-रिंग आणि शेवटी कार्बनचं सील. सील शाफ्टच्या सपाट बाजूंत अडकलेलं असतं, त्याच्या हत्याराने किंचित फिरवून वर घ्यावं लागतं. हे हत्यार मी भाड्याने आणलं.

नवीन किट बसवताना घाई नडते. कार्बनच्या तोंडाला बोट लावायचं नाही, घामाचा डागही पुरतो. सगळे भाग कॉम्प्रेसरच्याच स्वच्छ तेलात बुडवून घ्या. शाफ्टवरच्या चावीच्या खाचेने नवीन रबर कापू नये म्हणून मी थंड पेयाच्या बाटलीची पातळ पट्टी शाफ्टभोवती गुंडाळली आणि तिच्यावरून सील सरकवलं. ते सपाट बाजूंत बसल्याचं हाताला कळतं. चकतीची गुळगुळीत बाजू कार्बनकडे. प्लेट बसवल्यावर फिलर गेजच्या पातळ पात्यांनी प्लेट आणि पुली यांच्यातली फट मोजा, ०.४ ते ०.८ मिलिमीटर हवी. कमी-जास्त असेल तर शिम बदला.

बाकी सिस्टिम धुतली नसेल तर जितकं तेल निघालं तितकंच घाला, धुतली असेल तर सिस्टिमचं पूर्ण माप, पण कुठलं ते बघून. जुन्या आर-१२ गॅसला मिनरल तेल चालतं, त्याच्या जागी आलेल्या आर-१३४एला नाही, ते त्यात विरघळत नाही. मूळ आर-१२ असलेल्या अनेक गाड्यांत पुढे आर-१३४ए भरला गेला, तेल मात्र जुनंच राहिलं. माझीही तीच कथा होती. म्हणून कंडेन्सर आणि कूलिंग कॉइल धुऊन मी आर-१३४एला चालणारं पॅग हे कृत्रिम तेल घातलं. ते हवेतली ओल शोषतं, तेव्हा डबा उघडा ठेवू नका. सिस्टिममधली ओल शोषणारी ड्रायर बॉटल नवीनच हवी आणि ती सगळ्यात शेवटी जोडायची.

कॉम्प्रेसर बसवला की शाफ्ट हाताने दहा-बारा वेळा फिरवा, म्हणजे सिलिंडरमध्ये साठलेलं तेल निघून जातं. पाऊण तास व्हॅक्यूम ओढा, पंप बंद करून अर्धा तास काटा बघा. हलला तर पुन्हा नायट्रोजन आणि फेस. मग गॅस वजनावर भरा. आर-१२च्या गाडीत आर-१३४ए मूळ आर-१२च्या वजनाच्या साधारण ८० ते ८५ टक्केच लागतो. ‘थोडा जास्त भरू का, काका?’ याला नाही म्हणायचं.

शेवटी बॉनेटच्या आत, त्या काळ्या पट्ट्याच्या जागी, मी एक पांढरा कागद चिकटवला. महिनाभराने काढला तेव्हा त्यावर धूळ होती आणि तेलाचे दोन बारीक ठिपके. फेल्टमध्ये मुरलेलं तेल सुरुवातीला एवढं उडतंच. कागद बदललाय. आता दर गुरुवारी, थंडीतही, गाडी दहा मिनिटं एसी लावून चालवतो आणि बायको शेजारी शाल घेऊन बसते.