सूर्याचा रोजचा अंदाज घरबसल्या कसा बांधावा

आधी एक गाठ मनाशी बांधा: हे दोन वेगळे अंदाज आहेत. सूर्यावर काय होईल हा एक, आणि पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात किती खळबळ माजेल हा दुसरा. सूर्यावर मोठी ज्वाला (किरणांचा अचानक स्फोट) उठूनही इकडे सगळं शांत राहू शकतं. एक वही करा आणि वेळा यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) लिहा, कारण सगळे आकडे त्याच वेळेत येतात.

१. सूर्यावर सतत नजर ठेवणाऱ्या नासाच्या एसडीओ उपग्रहाची ताजी चित्रं उघडा आणि सौरडागांचे गट बघा. गट किती आहेत यापेक्षा ते किती गुंतलेले आहेत, हे महत्त्वाचं. विरुद्ध चुंबकीय ध्रुवांचे डाग एकाच उपच्छायेत (डागाभोवतीच्या फिकट कडेत) दाटीनं बसले असतील (याला डेल्टा रचना म्हणतात), तर त्या गटावर नजर ठेवा. मे 2024 च्या चुंबकीय महावादळामागचा 13664 हा गट असाच होता.

२. अमेरिकेच्या गोज हवामान उपग्रहाचा क्ष-किरण आलेख बघा. सी, एम, एक्स हे ज्वालांचे वर्ग. प्रत्येक वर्ग आधीच्याच्या दसपट. कालच्या चोवीस तासांत जे झालं, साधारण तेच आज होईल, असं धरून चला. हा आळशी नियम वाटतो, पण त्याला हरवणं भल्याभल्यांना जड जातं.

३. 193 अँगस्ट्रॉमच्या चित्रात काळे पट्टे दिसतात, ती किरीट विवरं, म्हणजे सूर्याच्या बाह्य वातावरणातली विरळ जागा. विवर चकतीच्या मध्यावर आलं की दोन ते चार दिवसांत वेगवान सौरवारा (सूर्यातून सुटणारा भारित कणांचा प्रवाह) पृथ्वीवर पोचतो. वहीत 27 दिवस मागे जा. सूर्याची एक फेरी तेवढ्यात होते, आणि तेच विवर पुन्हा समोर येतं.

४. सूर्याची चकती झाकून भोवतालचं टिपणाऱ्या, सोहो यानाच्या लॅस्को कॅमेऱ्यात सूर्याभोवती सगळीकडून फुगणारं कडं दिसलं, तर द्रव्याचा लोट आपल्याकडे येत असेल किंवा थेट उलट दिशेला जात असेल. स्फोट समोरच्या बाजूला झाला का, ते एसडीओवर तपासा. पोचायला बहुधा एक ते तीन दिवस. वेळेत दहा-बारा तासांची चूक सहज होते.

५. खरा निकाल लागतो तो पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेनं 15 लाख किलोमीटरवरच्या यानांच्या आकड्यांत. सौरवाऱ्याचा वेग बघा, पण त्याहून जास्त बीझेड (त्याच्या चुंबकीय क्षेत्राचा उत्तर-दक्षिण घटक) बघा. वेग सेकंदाला 700 किलोमीटर असला आणि बीझेड उत्तरेकडे, म्हणजे धन असला, तर फारसं काही घडत नाही. वेग जेमतेम 450, पण बीझेड तासन्‌तास उणे 15 नॅनोटेस्लावर (म्हणजे दक्षिणेकडे) अडकला, तर वादळ जवळपास ठरलेलं. सेकंदाला 500 किलोमीटर वेगाच्या वाऱ्याला तिथून इथवर यायला 50 मिनिटं लागतात; म्हणजे शेवटची खात्रीची सूचना तेवढीच आधी.

आता लिहा: एम वर्गाची शक्यता किती टक्के, एक्सची किती, आणि दिवसातला सर्वांत मोठा केपी (पृथ्वीच्या चुंबकीय खळबळीचा 0 ते 9 असा निर्देशांक) किती. केपी 5 म्हणजे जी1 (सर्वांत सौम्य) वादळ, 9 म्हणजे जी5 (सर्वांत तीव्र). ‘बहुतेक होईल’ असं मोघम नको, आकडाच हवा. त्यानंतरच नोआ या अमेरिकी हवामान संस्थेचा तीन दिवसांचा अंदाज उघडा, आधी नाही. दुसऱ्या दिवशी प्रत्यक्षातला केपी शेजारच्या रकान्यात भरा.