वेगवेगळ्या ऑर्डरींच्या धावपळीत पोर्ट्रेटची तयारी कशी करावी

स्वतंत्रपणे काम करणाऱ्या फोटोग्राफरचा आठवडा क्वचितच एकसुरी असतो. शनिवारी मंगल कार्यालयात साखरपुडा, सोमवारी भोसरीतल्या कारखान्यात यंत्राच्या सुट्या भागांचे फोटो, मंगळवारी एखाद्या हॉटेलच्या मेनूकार्डासाठी मिसळ आणि थालीपीठ, आणि बुधवारी सकाळी एका लेखिकेचे पुस्तकाच्या मलपृष्ठासाठी पोर्ट्रेट, असा क्रम पुण्यात तरी अगदी नेहमीचा आहे. चातुर्मासात लग्नांच्या ऑर्डरी जवळपास थांबतात आणि तेव्हा कंपन्यांची, नाट्यकलावंतांची व घरगुती पोर्ट्रेट्स हीच कमाईची मुख्य बाजू होते. तुळशीचे लग्न लागले की चित्र पुन्हा उलटते. पोर्ट्रेटची पूर्वतयारी करताना बहुतेक जण आधी नवी लेन्स आणि नवे दिवे यांचा विचार करतात. माझ्या मते आधीच्या कामाच्या सवयी कॅमेऱ्यातून, बॅगेतून आणि स्वतःच्या वागण्यातून काढून टाकणे, हे या तयारीतले पहिले काम आहे.

कॅमेऱ्यापासून सुरुवात करावी. साखरपुड्याहून परतलेल्या कॅमेऱ्यात आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ६४०० पर्यंत चढवलेला, व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) पिवळ्या दिव्यांसाठी ३२०० केल्विनवर आणलेला आणि एका दाबात दहा-बारा फोटो काढणारा बर्स्ट मोड चालू असतो. वस्तूंच्या फोटोंनंतर याच्या नेमके उलटे असते: अॅपर्चर, म्हणजे लेन्समधले प्रकाशाचे छिद्र, एफ/११ इतके बारीक, लेन्सवरचा फोकसचा खटका मॅन्युअलवर, ट्रायपॉडमुळे हाताचा कंप सावरणारे स्थिरीकरण बंद आणि दोन सेकंदांचा टायमर चालू. यांतला फोकसचा खटका सर्वांत घातक ठरतो, कारण कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर किंचित हललेला फोकस लक्षात येत नाही आणि घरी संगणकावर पापण्या अस्पष्ट दिसेपर्यंत ग्राहक निघून गेलेला असतो. नाटकाच्या प्रयोगानंतर आवाज न करणारा इलेक्ट्रॉनिक शटर चालू राहिला असेल, तर अनेक कॅमेऱ्यांत त्यावर फ्लॅश पेटतच नाही आणि एलईडी दिव्यांखाली फोटोवर आडवे पट्टे उमटतात. आपल्याकडचा वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने त्यावर चालणारे बरेचसे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. म्हणून घरातल्या किंवा कार्यालयातल्या दिव्यांवर अवलंबून राहावे लागले तर मेकॅनिकल शटर ठेवून वेग १/१०० किंवा १/५० निवडावा.

हे सर्व दर वेळी आठवून बदलण्यापेक्षा पोर्ट्रेटची मूळ मांडणी कॅमेऱ्याच्या सी१ किंवा आपली मांडणी साठवण्याच्या तशाच एखाद्या जागेवर कायमची साठवून ठेवावी. रॉ स्वरूप (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाईल), एकेक फोटो, डोळ्यांवर जाणारा फोकस, शटर १/२००, अॅपर्चर एफ/४ आणि व्हाइट बॅलन्स ५५०० केल्विन एवढे त्यात असले की पुरे. एफ/१.८ ची लेन्स घेतली म्हणून तिच्यावर एफ/१.८ च वापरलाच पाहिजे, हा आग्रह सोडणे बरे. फुल-फ्रेम (जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर ८५ मिलिमीटरची लेन्स लावून दोन मीटरवर बसलेल्या व्यक्तीचा फोटो एफ/१.८ वर काढला, तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम ६ सेंटीमीटरचा असतो. चेहरा थोडा वळलेला असेल तर एक डोळा स्पष्ट आणि दुसरा पुसट अशी स्थिती होते. एफ/४ वर तोच पट्टा साधारण १३ सेंटीमीटरचा होतो आणि दोन्ही डोळ्यांसह नाकाचा शेंडाही त्यात बसतो. मागचा भाग धूसर हवा असेल, तर व्यक्तीला भिंतीपासून दोन-तीन मीटर पुढे आणावे.

लेन्सच्या बाबतीत एवढेच सांगतो की ५० आणि ८५ मिलिमीटर या दोन लेन्समध्ये जवळपास सगळे काम भागते. लग्नातली २४ मिलिमीटरची वाइड लेन्स लावून चेहऱ्याजवळ जाऊ नये. त्यात नाक मोठे व कान मागे गेलेले दिसतात, आणि त्याचा दोष लोक स्वतःच्या चेहऱ्याला देतात.

ग्राहकाशी पहिले बोलणे

फोटो कशासाठी हवा आहे, हा प्रश्न फोनवर पहिल्या दोन मिनिटांत विचारला गेला पाहिजे, कारण पुढचे सगळे निर्णय त्याच्या उत्तरावर ठरतात. स्थळासाठी बायोडेटासोबत द्यायच्या फोटोत कुटुंबाला चेहरा, उंची आणि पेहराव तिन्ही दिसायला हवे असतात. कंपनीच्या संकेतस्थळासाठी पार्श्वभूमी सर्वांची सारखी लागते, त्यामुळे पहिल्या दिवशी दिवा किती अंतरावर व किती उंचीवर होता हे मोजून वहीत लिहून ठेवावे; सहा महिन्यांनी रुजू झालेल्या कर्मचाऱ्याचा फोटो त्याच रांगेत बसवावा लागतो. मलपृष्ठासाठी मजकुराची जागा सोडावी लागते, म्हणून प्रकाशकाकडून मांडणीचा कच्चा आराखडा मागून घ्यावा. घरात फ्रेम करून लावायचा फोटो १२ बाय १८ इंचांचा असेल तर ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) प्रमाणे ३६०० बाय ५४०० पिक्सेल, म्हणजे सुमारे १९.५ मेगापिक्सेल लागतात. चौकटीत बांधताना कडेचा काही भाग झाकला जातो हे धरून डोक्यावर आणि खांद्यांशेजारी मोकळी जागा ठेवावी.

याच बोलण्यात पैशांचे आणि हक्कांचे स्पष्ट करून घ्यावे. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम १७ नुसार, मोबदला घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या छायाचित्राचा पहिला स्वामित्वहक्क, वेगळा करार नसेल तर, काम सांगणाऱ्याकडे जातो. फोटो काढणाऱ्याचाच हक्क असतो असे आपल्या व्यवसायातल्या बहुतेकांना वाटते आणि ते या बाबतीत बरोबर नाही. त्यामुळे स्वतःच्या कामाच्या नमुन्यांत हा फोटो दाखवायचा असेल, तर तशी लेखी परवानगी आधीच घ्यावी. अंतिम फोटोंची संख्या, रिटचिंग (संगणकावर फोटोतले दोष काढणे) किती करायचे, रॉ फायली द्यायच्या की नाहीत आणि तारीख बदलल्यास अॅडव्हान्सचे काय, हेही त्याच एका पानात यावे. व्हॉट्सअॅपवर पाठवून ‘मान्य आहे’ असे उत्तर घेतले तरी नंतरची बरीच हुज्जत टळते.

कपडे, दागिने आणि चष्मा

कपड्यांबद्दल ‘तुम्हाला आवडेल ते घाला’ असे सांगणे म्हणजे आपले काम ग्राहकावर ढकलणे होय. बारीक चौकडीचा किंवा अगदी जवळजवळच्या रेघांचा शर्ट फोटोत लाटांसारखी नक्षी निर्माण करतो, तो टाळायला सांगावे. रेशमी साडी आदल्या दिवशी इस्त्री करून हँगरवर लावून ठेवायला सांगावी, कारण घडीच्या रेषा रिटचिंगमध्ये काढणे वेळखाऊ असते. पैठणीच्या पदराचे जरीकाम छोट्या, थेट दिव्याखाली ठिकठिकाणी पांढरे फटफटीत होते. मोठा सॉफ्टबॉक्स (दिव्याचा प्रकाश मऊ करणारी कापडी पेटी) किंवा खिडकीचा प्रकाश दिला तर तेच जरीकाम सोनेरी दिसते आणि मोराची वीण मोजता येईल इतकी स्पष्ट येते.

नथीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण नऊवारीतल्या पोर्ट्रेटमध्ये हमखास गोंधळ तिथेच होतो. नथ डाव्या नाकपुडीत असते (इथे डावे-उजवे म्हणजे समोर बसलेल्या स्त्रीचे). प्रकाश उजवीकडून आला तर नाकाची सावली नथीवर पडून मोती मळकट दिसतात. डावीकडून फार तिरपा किंवा फार उंचावरून आला तर नथीचीच सावली वरच्या ओठावर पसरते आणि दुरून ती मिशीसारखी भासते. म्हणून मुख्य प्रकाश डावीकडे, पण बराचसा समोर सरकवून आणि डोळ्यांच्या पातळीपेक्षा थोडाच वर ठेवावा, हनुवटीखाली पांढरा फोम बोर्ड धरावा आणि चेहरा किंचित उजवीकडे वळवायला सांगावा. एक चाचणी फोटो काढून तो पडद्यावर मोठा करून फक्त ओठांचा भाग पाहावा.

पांढऱ्या आणि काळ्या कपड्यांत कॅमेऱ्याचे प्रकाशाचे मोजमाप फसते, कारण समोर काहीही असले तरी त्याला सरासरी करड्या छटेवर आणण्याचा त्याचा स्वभाव असतो. पांढरे धोतर, सदरा आणि टोपी घातलेल्या वारकरी आजोबांचा फोटो त्यामुळे काळपट येतो आणि चेहरा अंधारात जातो. तिथे एक्स्पोजर दोन तृतीयांश ते एक स्टॉप वाढवावा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट). काळ्या कोटातल्या वकिलांच्या बाबतीत तेवढाच कमी करावा, नाही तर कपाळ आणि गळ्याचे पांढरे बँड जास्त प्रकाशाने तपशील हरवून उडून जातात. सावळ्या त्वचेला उजळ करून द्या असे सांगणारे ग्राहक भेटतात, विशेषतः स्थळाच्या फोटोंसाठी. चेहऱ्याशेजारी ग्रे कार्ड (ठरावीक करड्या रंगाचा पुठ्ठा) धरून एक फोटो घेतला असेल तर त्वचेचा खरा रंग कोणता हे पडद्यावर दाखवता येते, आणि चांगल्या प्रकाशात तो रंग पाहिल्यावर ही मागणी पुष्कळदा आपोआप मागे पडते.

चष्म्यावरचे प्रतिबिंब घालवण्यासाठी दिवा उंच न्यावा आणि चष्म्याच्या काड्या कानांवर अगदी किंचित वर उचलून ठेवाव्यात, म्हणजे काचा खाली झुकतात. रोज चष्मा लावणाऱ्याला तो काढून बसवू नये. नाकावरचे वण दिसतात आणि घरच्यांना माणूस ओळखीचा वाटत नाही.

जागा आणि प्रकाश

जागा आधी पाहून यावी, आणि ज्या वेळी फोटो काढायचे आहेत त्याच वेळी पाहावी. पुण्यात डिसेंबरमध्ये सूर्योदय सातच्या सुमारास होतो आणि त्यानंतरचा दीड-दोन तासांचा प्रकाश मऊ असतो. मे महिन्यात आठ वाजताच ऊन टोचू लागते आणि महिन्याच्या मध्याला तर सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो, त्यामुळे डोळ्यांच्या खोबणीत काळ्या सावल्या पडतात. अशा वेळी झाडाखाली नेण्यापेक्षा ओसरी किंवा जिन्याच्या दाराची सावली चांगली, कारण पानांतून गळणारे कवडसे चेहऱ्यावर ठिपके उमटवतात आणि हिरवी झाक आणतात. पावसाळ्यातले ढगाळ आकाश पोर्ट्रेटला अनुकूल असते, मात्र एसी गाडीतून दमट हवेत काढलेल्या लेन्सवर वाफ धरते; बॅग बंद ठेवूनच उपकरणांना बाहेरच्या तापमानाला येऊ द्यावे. शनिवारवाड्यासारखी स्थळे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात असल्याने तिथे ट्रायपॉड किंवा दिवे लावायचे असतील तर परवानगी लागते, आणि ती त्या दिवशी दारावर मिळत नाही.

घरातल्या घरात उत्तम साधन म्हणजे खिडकी. व्यक्तीला खिडकीपासून साधारण एक मीटरवर, प्रकाश कडेने आणि थोडा समोरून येईल असे बसवावे, दुसऱ्या बाजूला पांढरा बोर्ड किंवा पांढरी चादर धरावी आणि खोलीतले सगळे दिवे बंद करावेत, नाही तर दोन रंगांचा प्रकाश एकाच चेहऱ्यावर मिसळतो. सॉफ्टबॉक्स वापरायचा तर ९० सेंटीमीटरचा आणि तोही साधारण एका मीटरच्या आत. छोट्या दिव्याचे अंतर दुप्पट केले की प्रकाश एक चतुर्थांश उरतो; मोठा सॉफ्टबॉक्स अगदी जवळ असताना हा हिशेब तंतोतंत लागू पडत नाही, परंतु बसलेली व्यक्ती थोडी मागे रेलली तरी फरक पडतोच. म्हणून जमिनीवर टेपने खुर्चीच्या पायांची खूण करून ठेवावी.

समोरचा माणूस

लग्नातला फोटोग्राफर स्वतःला अदृश्य ठेवतो, वस्तूंचे फोटो काढणारा बोलतच नाही. पोर्ट्रेटमध्ये या दोन्ही सवयी आड येतात. जाहिरात संस्थेच्या छायाचित्रण विभागातून पुढे येऊन व्यक्तिचित्रांत स्वतंत्र नाव कमावणारे गौतम राजाध्यक्ष (१९५०–२०११) यांची छायाचित्रे पाहताना मला जाणवते ती कॅमेऱ्यासमोर बसलेल्यांची निवांतपणाची भावना, आणि ती केवळ दिव्यांतून येत नाही.

दिवे लावून, चाचणी घेऊन झाल्यावरच व्यक्तीला खुर्चीत बसवावे. तिच्यासमोर स्टँडशी झटापट करू नये. मंडपातले ‘अंकल, इकडे बघा’ इथे चालत नाही. ‘काका, खांदे थोडे सैल सोडा, हनुवटी जरा पुढे आणि खाली घ्या’ असे नेमके, एका वेळी एक किंवा दोनच गोष्टींचे सांगणे असावे, आणि ते स्वतः करून दाखवावे. ‘हसा’ म्हटल्यावर फक्त ओठ हसतात. नातवाबद्दल किंवा त्यांच्या कामाबद्दल विचारावे आणि उत्तर संपून ते क्षणभर थांबतात तेव्हा शटर दाबावे. वयस्कर व्यक्तींना सकाळचा चहा आणि औषधे झाल्यानंतरची वेळ द्यावी, टेकून बसता येईल अशी हात असलेली खुर्ची द्यावी, आणि कमी ऐकू येत असेल तर कॅमेऱ्यामागून ओरडण्याऐवजी जवळ जाऊन सांगावे. पहिले दहा-पंधरा फोटो बहुधा टाकाऊच असतात, ते मोकळेपणाने काढावेत आणि त्यांतला एखादा बरा फोटो मध्येच दाखवावा; आपण बरे दिसतो आहोत हे एकदा कळले की खांदे आपोआप खाली येतात. फोटो दाखवताना सगळी मालिका मात्र हाती देऊ नये, कारण मग घरातले सगळे जण कॅमेऱ्याभोवती जमतात आणि प्रत्येकाला वेगळा फोटो आवडतो. निवड करायची ती संध्याकाळी, स्वतः एकट्याने वीसेक फोटो बाजूला काढून झाल्यावर, आणि अंतिम पसंती कोणाची हे नाव आधीच्या लेखी पानात असावे.