पहिलं स्टेन्सिल भिंतीवर मारताना: कापण्यापासून स्प्रेपर्यंत

स्ट्रीट आर्ट करायचंय म्हटलं की लोक आधी स्प्रेचे कॅन घेऊन येतात आणि मग काय काढायचं ते ठरवतात, माझं म्हणणं बरोबर उलटं आहे, पहिला आठवडा कॅनला हातच लावू नका, फक्त कटर आणि जाड कागद घेऊन स्टेन्सिल (आकार कापून काढलेला कागद, त्याच्या भोकांतून भिंतीवर रंग उमटतो) कापायला बसा. हाताने सरळ रेघ मारायला महिने जातात (पट्टीचे ग्राफिटीवाले स्टेन्सिलला लबाडी समजतात ते यामुळेच, त्यांच्यात अक्षर मोकळ्या हातानेच आलं पाहिजे), पण स्टेन्सिलमध्ये सगळी मेहनत घरी टेबलावर होते आणि भिंतीपाशी काम पाच मिनिटांचं उरतं. पॅरिसच्या ब्लेक ल रा या स्ट्रीट आर्टिस्टने पण आधी न्यूयॉर्क स्टाइलने, म्हणजे मोकळ्या हाताने, मारून बघितलं होतं, जमेना, मग १९८१ पासून स्टेन्सिलने शहरभर उंदीर काढत सुटला. रॅट (RAT, म्हणजे उंदीर) या अक्षरांची अदलाबदल केली की आर्ट (ART) होतं, ही त्याची गंमत. नंतर ब्रिटनच्या बँक्सी या स्ट्रीट आर्टिस्टने पण हाच रस्ता धरला.

परवानगीचं आधीच सांगून टाकतो. भिंत ज्याची आहे त्याच्याकडून लेखी घ्या, मेसेजवर "हो चालेल" आलं तरी तो जपून ठेवा, तोंडी होकार ऐनवेळी कोणालाच आठवत नाही. भिंत मिळतच नसेल तर कागदावर स्टेन्सिल मारा किंवा प्लायवुडवर मारा. १९९१ मध्ये ब्लेक ल रा स्टेन्सिल मारताना पकडला गेला, त्यानंतर तो घरीच कागदावर रंगवून ते पोस्टर चिकटवायला लागला. अर्थात पोस्टर चिकटवायला पण परवानगी लागतेच, ती पळवाट नाही.

आता डिझाइन. फोटो घ्यायचा असेल तर ज्यात उजेड आणि सावली एकदम वेगळी दिसतेय असा घ्या, एका बाजूने लाइट पडलेला चेहरा सगळ्यात सोपा. कुठल्याही एडिटिंग अ‍ॅपमध्ये ब्लॅक अँड व्हाइट करून कॉन्ट्रास्ट पूर्ण वाढवा, मधला करडा रंग उरता कामा नये. जे काळं दिसतंय ते कापून काढायचंय, पांढरं ठेवायचंय.

आणि इथेच सगळे आपटतात. काळ्याच्या मधोमध जे पांढरं बेट असतं ते कापल्यावर गळून पडतं, कारण त्याला धरायला काहीच नसतं. म्हणून त्याला बाहेरच्या कागदाशी जोडणाऱ्या बारीक पट्ट्या ठेवायच्या, त्यांना ब्रिज म्हणतात, ५-६ मिलिमीटरपेक्षा बारीक नको, स्प्रेच्या दाबाने फडफडतात. आपल्या अक्षरांत तर हे फारच होतं. इंग्रजीत ओ, ए, बी अशी मोजकी अक्षरं त्रास देतात, आपल्याकडे शिरोरेखा वरून झाकण लावते त्यामुळे प, म, स, य, ष सगळ्यांच्या पोटात बंद जागा तयार होते, शिवाय व, ब, क, ठ आहेतच. मी पहिल्यांदा "समजलं का" असं कापलं होतं, उचलून धरलं तर स आणि म चं पोटच नाही, भिंतीवर दोन ठोकळे उमटले असते. उपाय सोपा आहे, शिरोरेखेलाच अक्षराच्या डोक्यावर छोटी फट ठेवा. वाचणाऱ्याचा डोळा ती रेघ आपोआप जोडून घेतो आणि ब्रिज मुद्दाम केलेल्या स्टाइलसारखा दिसतो. व आणि ठ च्या गोलाला मात्र वेगळा ब्रिज द्यावा लागतो, तो उभा द्या, आडवा दिला की अक्षर कापल्यासारखं वाटतं.

कागद २५०-३०० जीएसएमचा (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन, म्हणजे जाडी), किंवा पुन्हा पुन्हा वापरायचं असेल तर प्लास्टिकची पारदर्शक शीट. आधी आतले बारीक तुकडे कापा, मोठे सगळ्यात शेवटी, नाहीतर कागद लेचापेचा होतो आणि बारीक काम करताना फाटतो. वळणावर कटर नाही फिरवायचा, कागद फिरवायचा. ब्लेड बोथट वाटलं की लगेच बदला, बोथट ब्लेडला जोर लागतो आणि जोर लावला की ते सटकून बोटावर येतं. चुकून ब्रिज तुटला तर दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावा, काही बिघडत नाही.

भिंत निवडताना तळहात फिरवून बघा, हाताला पांढरी पूड लागली तर रंग टिकणार नाही, आधी प्रायमर मारा. ओल असेल तर सोडूनच द्या. खडबडीत प्लास्टरवर कागद नीट बसत नाही आणि खालून रंग शिरून कडा फुटतात, पहिल्यांदा गुळगुळीतच शोधा. तिथे आधीचं कोणाचं काम असेल तर त्याच्यावर मारू नका, ग्राफिटीवाल्यांचा साधा हिशोब असा की टॅगवर (नुसत्या सहीवर) थ्रो-अप (झटपट काढलेली फुगीर अक्षरं) चालतं, थ्रो-अपवर पीस (वेळ घेऊन केलेलं मोठं रंगीत काम) चालतं, उलटं केलं की भांडण. आणि गेलेल्या माणसाच्या आठवणीत रंगवलेली भिंत असेल तर तिच्या वाटेला कोणीच जात नाही.

शेवटी स्प्रे. आतली गोळी खडखडायला लागल्यापासून दोन मिनिटं कॅन हलवा, खरोखर दोन मिनिटं. कागद चारी बाजूंनी मास्किंग टेपने चिकटवा आणि त्याच्या बाहेर वीस-तीस सेंटिमीटर वर्तमानपत्र लावा, नाहीतर चौकोनी धुरकट कड उमटते आणि सगळी मजा जाते. कॅन भिंतीला काटकोनात, १५-२० सेंटिमीटरवर, तिरका धरला की रंग कागदाखाली जातो. बटण दाबताना कॅनचं तोंड कागदाच्या न कापलेल्या भागासमोर ठेवायचं, भोकासमोर नाही, आणि हात चालू ठेवायचा, थांबला की ओघळ. पहिला हात इतका हलका की "हे तर काहीच नाही" असं वाटलं पाहिजे, मिनिटभर थांबून दुसरा, लागला तर तिसरा. एकदम भरायला जाऊ नका प्लीज. आधी पुठ्ठ्यावर एकदा मारून बघाच.

मास्क कापडी चालणार नाही, रंगाची वाफ त्यातून सरळ आत जाते, ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजवाला (रंगाची वाफ अडवणारा फिल्टर असलेला) घ्या आणि मोकळ्या हवेत उभे राहा. जवळपास सिगारेट नको, कॅन उन्हात ठेवू नका.

काम झालं की कॅन उलटा धरून नुसता गॅस येईपर्यंत दाबा, नोझल तुंबत नाही. स्टेन्सिल आडवं ठेवून वाळवा, ओलं असताना गुंडाळलं तर ते स्वतःलाच चिकटतं आणि सोडवताना पहिले ब्रिजच तुटतात.