आजीवन अध्ययनाचा वर्ग सुरू करण्यापूर्वी

प्राचार्यांनी आजीवन अध्ययन व विस्तार विभागाचे, म्हणजे कामधंदा सांभाळून शिकू पाहणाऱ्या मोठ्या माणसांच्या वर्गांचे, समन्वयकपद गळ्यात घातले, की पहिला मोह होतो तो अभ्यासक्रम लिहायला बसण्याचा. तो आवरा. अभ्यासक्रम सगळ्यात शेवटी. आधी महाविद्यालयाच्या आसपास हिंडून या. औद्योगिक वसाहतीत पाळी कधी सुटते, बाजार समितीतले हिशेबनीस किती वाजता मोकळे होतात, अंगणवाडी सेविकांना कोणता दिवस सोयीचा, हे विचारून टिपून ठेवा. आपली सगळी व्यवस्था सकाळी येणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलांसाठी रचलेली आहे आणि या वर्गाला येणारा माणूस संध्याकाळी दमून येतो. तयारीत गोंधळ होतो तो बहुतेक वेळा इथेच.

म्हणून विषयाआधी वेळ ठरवा. दोन श्रेयांकांच्या (क्रेडिट्सच्या) सैद्धांतिक अभ्यासक्रमाला साधारण ३० तासांचे अध्यापन लागते. आठवड्यातून तीन संध्याकाळी दोन-दोन तास घेतले तर पाच आठवडे. शनिवार-रविवारी तीन-तीन तास घेतले तरी तितकेच. हे पाच आठवडे मार्चअखेरीत येऊ देऊ नका, कारण नोकरदार माणूस तेव्हा हिशेबात बुडालेला असतो. शेतीच्या तालुक्यात पेरणीचा जून-जुलै टाळा. गणपती ते दिवाळी हा काळ कागदावर मोकळा दिसतो, पण प्रत्यक्षात अर्धा वर्ग गायब असतो. दिवाळीनंतरचा पंधरवडा गेला की सुरुवात करणे मला सर्वात बरे वाटते. शेवटची एसटी कधी सुटते ते पाहूनच वर्ग संपण्याची वेळ लिहा.

वेळ ठरली की इमारतीकडे वळा. संध्याकाळी सातनंतर किल्ली कोणाकडे असते? स्वच्छतागृह उघडे राहते का? आवारात दिवे आहेत का? शिपायाला जादा कामाचे पैसे कोणत्या लेखाशीर्षातून मिळणार? हे प्रश्न क्षुल्लक वाटतात, पण अंधारातून फाटकापर्यंत चालत जावे लागते म्हणून बायका वर्ग सोडतात, आणि अहवालात मात्र ‘वैयक्तिक कारण’ असे लिहिले जाते.

आता पैसे. इथे घाई नको. समजा, बाहेरच्या तज्ज्ञाला तासाला ८०० रुपये मानधन, म्हणजे ३० तासांचे २४,००० रुपये. शिपाई, झेरॉक्स, चहा मिळून ६,०००. शुल्क माणशी १,५०० रुपये आणि त्यातला पाचवा हिस्सा विद्यापीठाचा धरला, तर हाती माणशी १,२०० उरतात. हिशेब बरोबर २५ जणांवर जुळतो. विसांवर वर्ग सुरू केला तर ६,००० रुपयांची खोट, आणि ती कोण भरणार हा वाद वर्ग संपल्यावर सुरू होतो. म्हणून किमान संख्या जाहिरातीआधीच लेखी ठरवून घ्या. गरिबांना सवलत जरूर द्या, पण ती कुठल्या निधीतून, हेही त्याच टिपणीत लिहा. शुल्क पक्के करण्यापूर्वी सीएंना एकदा विचारा: वस्तू व सेवा कराची सूट कायद्याने मान्य असलेल्या अर्हतेच्या शिक्षणाला आहे, लहान प्रमाणपत्राला ती मिळेलच असे नाही. आणि मानधन वेळेवर जाईल याची सोय लेखा विभागाकडून आधीच करून घ्या. रंगीत माहितीपत्रकापेक्षा हे कितीतरी महत्त्वाचे. सहा महिने बिलासाठी हेलपाटे घातलेला तज्ज्ञ पुन्हा फोन उचलत नाही.

मंजुरीची नस्ती (फाईल) लांबते, म्हणून ती लवकर हलवा. ‘ही कामे महाविद्यालयाची नव्हेत’ असे म्हणणारे एक तरी सदस्य समितीत असतातच. त्यांच्यासाठी टिपणीत आधार द्या: विद्यापीठ अनुदान आयोगाने १९७७ मध्येच अध्यापन आणि संशोधनाच्या जोडीने विस्तारकार्य, म्हणजे समाजात जाऊन करायचे काम, हे उच्च शिक्षणाचे तिसरे अंग मानले, आणि महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ मध्ये या कामासाठी स्वतंत्र मंडळाची तरतूद आहे. जमले तर आधी एखादे बहिःशाल, म्हणजे महाविद्यालयाबाहेरच्या लोकांसाठीचे, व्याख्यान ठेवून श्रोत्यांकडून नावे घ्या. मागणी आहे हे सांगायला त्याहून चांगला कागद नाही. नियमित विद्यार्थ्यांचे विस्तारकार्य आणि हा सशुल्क वर्ग यांच्या नस्त्या मात्र वेगळ्या ठेवा, नाहीतर लेखापरीक्षणात दोन्ही अडकतात. जाहिरातीत ‘पदवीसमकक्ष’ वगैरे शब्द चुकूनही नकोत.

प्रवेशअर्जात एक रकाना जास्त विचारपूर्वक आखा: नाव. दहावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचे, आधारवर सासरचे, बँकेत तिसरेच स्पेलिंग, ही स्थिती चाळिशीतल्या बाईच्या बाबतीत नेहमीची. श्रेयांक बँकेचे, म्हणजे मिळवलेले श्रेयांक ऑनलाइन जमा होतात ते, खाते उघडताना हे जुळत नाही आणि मिळवलेले श्रेयांक लटकतात. पहिल्याच दिवशी आधारवरचे नाव तपासा, फरक असेल तर राजपत्र किंवा विवाह प्रमाणपत्राची प्रत घ्या. या खात्यासाठी लागणारे डिजिलॉकर (सरकारची ऑनलाइन कागदपत्र-पेटी) उघडून देण्यासाठी संगणक कक्षात दोन पोरे बसवा. ती आनंदाने करतात.

आता अभ्यासक्रम. शिकवणाऱ्याला सांगा की पहिल्या तासाला परिचयाऐवजी हाताला काम द्यावे: जीएसटीचे एक खरे बिल, मातीचा एक अहवाल, जे असेल ते. हजेरी घ्या, पण उशिरा येणाऱ्याला बाहेर उभे करू नका. लागोपाठ दोन वर्ग चुकलेल्याला फोन करायचे काम एकाच्या नावावर लिहून ठेवा. परीक्षा शेवटच्या आठवड्यातच उरका आणि प्रमाणपत्रे त्याआधी छापून तयार ठेवा, कारण ‘पंधरा दिवसांनी कार्यालयातून घेऊन जा’ म्हटले की निम्मी तिथेच पडून राहतात.

शिल्लक रक्कम, तज्ज्ञांचे फोन, किल्लीवाल्याचे नाव आणि यंदा प्रवेश न मिळालेल्यांची यादी एकाच नस्तीत लावून ठेवा. समन्वयक दर दोन-तीन वर्षांनी बदलतो.