भरतीच्या सरावासाठी घरी शिवलेली व्यायामाची पिशवी

पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत पुरुष उमेदवारांना 7.26 किलोचा आणि महिला उमेदवारांना 4 किलोचा गोळा फेकावा लागतो, त्यामुळे सरावाला निघणाऱ्याच्या पिशवीत बूट, दुपट्टा आणि पाण्याच्या बाटलीसोबत हे वजनही असते. बाजारातील स्वस्त पिशव्या बहुधा बंद (धरायचे पट्टे) जोडलेल्या ठिकाणीच उसवतात, कारण सारा भार चार टाक्यांवर येतो. घरी शिवताना म्हणूनच भार कापडाने नव्हे, तर नवारीने पेलावा, अशी रचना करावी.

36 इंच पन्ह्याचे कॅनव्हास एक मीटर, चार सेंटिमीटर रुंदीची नवार पावणेतीन मीटर, 50 सेंटिमीटरची जाड चेन आणि पॉलिस्टरचा दोरा एवढे साहित्य पुरते. सुती कॅनव्हास धुतल्यावर आटते, म्हणून ते आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच कापावे. घरच्या शिवणयंत्राला 18 नंबरची सुई लावावी आणि टाका मोठा ठेवावा.

अंगासाठी 53 गुणिले 80.5 सेंटिमीटरचा आयत आणि टोकांसाठी 28 सेंटिमीटर व्यासाची दोन वर्तुळे कापावीत. यात सगळीकडे दीड सेंटिमीटरची शिलाई धरलेली आहे. तळाला आतून युरियाच्या रिकाम्या पोत्याचा स्वच्छ धुतलेला तुकडा लावल्यास पांदणीतल्या चिखलावर पिशवी टेकली तरी ओल वर चढत नाही. कीटकनाशकाचे वेष्टन मात्र कितीही धुतले तरी वापरू नये.

आता नवार, आणि येथे घाई करू नये. आयत सपाट असतानाच, 53 सेंटिमीटरच्या बाजू तुमच्याकडे आणि समोर ठेवून, मधोमध एकमेकींपासून 18 सेंटिमीटर अंतरावर 80.5 सेंटिमीटरच्या बाजूंना समांतर अशा दोन रेषा आखाव्यात. नवार पहिल्या रेषेवरून नेऊन 45 सेंटिमीटरचा सैल बंद सोडावा, दुसऱ्या रेषेवरून परत आणावी आणि तेवढाच दुसरा बंद सोडून टोके पहिल्या रेषेवर, पिशवीच्या तळाशी येईल अशा जागी एकमेकांवर चढवावीत. अशा रीतीने नवारीचा एकच अखंड फेर पिशवीच्या खालून जातो. 53 सेंटिमीटरच्या दोन्ही कडांपासून सहा सेंटिमीटर आत नवारीची शिलाई थांबवून तेथे चौकट आणि तिच्यात फुली मारावी.

यानंतर 53 सेंटिमीटरच्या दोन्ही कडा दीड सेंटिमीटर दुमडून चेनीला जोडल्या की नळकांडे तयार होते. ते उलटे करावे आणि चेन अर्धी उघडी ठेवावी, अन्यथा दुसरे वर्तुळ शिवून झाल्यावर पिशवी सुलट करायला वाटच उरणार नाही. वर्तुळाचा व नळकांड्याच्या तोंडाचा परीघ चार समान भागांत खुणावून खुणा टाचणीने जुळवाव्यात. नळकांड्याच्या कडेला दर दोन सेंटिमीटरवर एक सेंटिमीटर खोल काप दिले की सरळ कापड गोलाईवर नीट बसते. शिलाई दोनदा फिरवावी.

गोळा तसाच आत टाकू नये. पुरुषांच्या गोळ्याचा व्यास 11 ते 13 सेंटिमीटर असतो, त्यामुळे जुन्या जीन्सच्या पायाचा, सपाट ठेवल्यावर किमान 22 सेंटिमीटर रुंद असलेला मांडीकडचा तुकडा एका बाजूने दोनदा शिवून दुसरीकडे नाडी ओवली की त्याची थैली होते. ती दोन नवारींच्या मधोमध ठेवावी. बुटांसाठी जुन्या मच्छरदाणीची वेगळी थैली शिवावी. वारा खेळता राहिला की काळी माती लवकर वाळून झटकता येते.

पावसाळ्यात पिशवी उलटी करून सावलीत टांगावी, नाहीतर सुती कॅनव्हासला बुरशी धरते. चेन अडू लागल्यास तेल न लावता दातांवरून मेणबत्ती फिरवावी, कारण तेलावर धूळ बसते.